विंडेज टिकत नाही: एका जुन्या टार्गेट रायफलीच्या साइटचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका जुन्या टार्गेट रायफलीचे आणि तिच्या मालकांचे आहे. मालकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. मोजमापे मात्र त्या वेळी कागदावर उतरवली तशीच दिली आहेत. या कामात मी सल्ला देण्यासाठी होतो, आणि माझ्या हातून झालेल्या दोन चुका योग्य त्या ठिकाणी नोंदवल्या आहेत.

रायफल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकातली, ०.२२ इंच व्यासाची, एका वेळी एकच काडतूस घेणारी आणि मार्टिनी पद्धतीच्या बांधणीची होती. या बांधणीत ब्रीच, म्हणजे नळीचे काडतूस घालायचे मागचे तोंड, बंद करणारा ठोकळा मागच्या टोकाला खिळलेला असतो आणि खालची तरफ ओढली की त्याचे पुढचे टोक खाली झुकते. मूळ कल्पना अमेरिकेतील हेन्री पीबॉडी यांच्या १८६२ च्या पेटंटमधली. स्वित्झर्लंडमधील फ्रीडरिश फॉन मार्टिनी यांनी तिच्यात सुधारणा केली आणि १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री ही रायफल ब्रिटिश सैन्यात दाखल झाली. सैन्यातून ही बांधणी पुढे हद्दपार झाली, पण लक्ष्यवेधी नेमबाजीत ती विसाव्या शतकातही बराच काळ टिकून राहिली. या प्रकरणापुरता तिचा एकच गुण, किंवा अवगुण, महत्त्वाचा आहे: ठोकळा मागून खिळलेला असल्याने पाठीमागून नळीत डोळा लावून सरळ पाहता येत नाही, आणि त्यामुळे नळी कोठे रोखली आहे आणि साइट (नेम धरण्यासाठी रायफलीवर बसवलेले साधन) कोठे रोखली आहे याची गोळी न झाडता तुलना करण्याची सोपी वाट बंद होते.

पुढची साइट म्हणजे बोगद्यासारखे छोटे नळकांडे, ज्यात बदलता येणारी कडी बसते. ही साइट नळीच्या तोंडाजवळील ठोकळ्यात आडव्या डव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाचेत बसवलेली होती आणि एका बारीक, डोके नसलेल्या ग्रब स्क्रूने आवळलेली होती. मागची साइट पीप प्रकारची, म्हणजे बारीक छिद्रातून पाहण्याची. तिला उंचीसाठी एक आणि विंडेजसाठी एक असे दोन नॉब होते, ज्यांचे फिरणे क्लिकने, म्हणजे वाजणाऱ्या बारीक टप्प्यांनी मोजतात. विंडेज हा शब्द वाऱ्यावरून आला असला तरी नेमबाज तो आडव्या दुरुस्तीसाठी सरसकट वापरतात, मग ती वाऱ्यापायी असो की रायफलीच्या स्वतःच्या तिरकेपणापायी. दिशेचा नियम साधा आहे: मागची साइट सरकवली की गोळीही त्याच बाजूला सरकते, पुढची सरकवली की गोळी विरुद्ध बाजूला जाते. नियम सगळ्यांना पाठ असतो. हातोडी हातात आल्यावर तो पुन्हा एकदा मोठ्याने म्हणावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

मालकांचे वय पन्नाशीच्या पुढचे, नेमबाजीचा सराव सुमारे वीस वर्षांचा. रायफल त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळालेली होती आणि तिच्यासोबत गुरूंची एक वहीही आली होती. त्या वहीने पुढे सगळ्यात मोठे काम केले.

तक्रार

मालकांचे म्हणणे एका वाक्यात असे होते: "विंडेज टिकत नाही." ५० मीटरवर पडून सराव करताना सुरुवातीच्या चाचणी गोळ्यांत रायफल मध्यावर आणली, तरी दहा-पंधरा गोळ्यांनंतर ती एका बाजूला जाते, दुरुस्ती करावी तर दुसऱ्या बाजूला जाते, आणि शेवटी नॉब कोठून कोठे आला याचा हिशेब राहत नाही. शेवटच्या सरावाचा त्यांचा कागद मी मागून घेतला. ४० गोळ्यांत त्यांनी विंडेज १७ वेळा बदललेले होते, आणि दहा गोळ्यांच्या सर्वांत वाईट ग्रुपची, म्हणजे भोकांच्या पुंजक्याची, आडवी रुंदी ४१ मिमी होती. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर रायफल लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि त्याबाहेरचे प्रत्येक वर्तुळ ८ मिमी रुंदीचे असते. म्हणजे या ग्रुपच्या कडेच्या गोळ्या आठवर आणि त्याच्याही बाहेर पडत होत्या.

दुसरी गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून सांगितलेली नव्हती, ती मला रायफल हातात घेतल्यावर दिसली. मागच्या साइटचा सरकता भाग मध्यरेषेपासून उजवीकडे ३४ क्लिकवर होता आणि त्या बाजूला केवळ ६ क्लिक शिल्लक होते. विचारल्यावर ते म्हणाले, "ते तसेच आहे. या रायफलीला उजवीकडेच लागते."

गुरूंची वही उघडली तर त्यात हंगामाहंगामाच्या नोंदी होत्या आणि विंडेजच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच आकडा होता: उजवीकडे ४. तीच रायफल, तीच साइट, तेच अंतर. वहीतल्या ४ पासून आजच्या ३४ पर्यंतचा प्रवास केव्हा झाला, या प्रश्नावर मालक थोडे थांबले आणि मग त्यांना आठवले की तीन वर्षांपूर्वी नळीवर गंज धरला म्हणून ती नव्याने ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) करायला दिली होती. परत आल्यावर "विंडेज बरेच फिरवावे लागले होते", पण त्याच सुमारास काडतुसेही बदलली होती, म्हणून त्यांनी दोष काडतुसांच्या माथी मारला आणि विषय तेथेच संपला.

पहिली तपासणी

येथे पहिला निर्णय घ्यायचा होता. मालकांना पुढच्या साइटला लगेच हात घालायचा होता, आणि मलाही मोह झाला, कारण ३४ हा आकडा डोळ्यांत भरण्यासारखा होता. पण त्यांची तक्रार रायफल एका बाजूला मारते अशी नव्हती. ती मध्यावर टिकत नाही अशी होती. साइट जागेवरून हललेली असणे आणि साइट हलत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आधी काहीही न सुधारता मोजायचे ठरले.

रायफल रिकामी आहे याची खात्री दोघांनी स्वतंत्रपणे करून घेतल्यावर ती व्हाइसमध्ये, लाकडी गुटक्यांमध्ये धरली आणि मागच्या साइटच्या सरकत्या भागाला डायल गेजचे टोक लावले. उजवीकडे १० क्लिक फिरवल्यावर भाग ०.५३ मिमी सरकला. तेथून डावीकडे १० क्लिक फिरवल्यावर तो केवळ ०.४२ मिमी परत आला. पुन्हा करून पाहिले, तेच. दिशा बदलली की पहिले दोन क्लिक नुसते वाजत होते. बोटाला आणि कानाला ते खरे क्लिक वाटत, साइट मात्र जागची हलत नसे. स्क्रूचे आटे झिजलेले आणि त्यांना एका बाजूला दाबून ठेवणारी स्प्रिंग थकलेली, म्हणजे साधा प्ले, सैलपणा. हा प्ले गोळ्या झाडून सिद्ध करायचा म्हटला असता तर कितीतरी डझन काडतुसे खर्ची पडली असती, कारण पाच-पाच गोळ्यांच्या ग्रुपचा मध्यही काही मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. टेबलावर त्याला दहा मिनिटे लागली.

त्याच बैठकीत क्लिकची खरी किंमतही निघाली. मालक एक क्लिक म्हणजे पाव मिनिट (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरून चालत; एक मिनिट म्हणजे ५० मीटरवर साधारण १४.५ मिमी, तेव्हा एक क्लिक ३.६ मिमी. पण क्लिकची किंमत साइटवर कोरलेली असली तरी ती दोन साइटमधल्या अंतरावर ठरते. आमच्या रायफलीत पीपपासून कडीपर्यंतचे अंतर ८१२ मिमी भरले. एका क्लिकला ०.०५३ मिमी, भागिले ८१२, गुणिले ५० मीटर: म्हणजे सुमारे ३.२६ मिमी. पाव मिनिटाचा हिशेब उलटा केला तर ही साइट सुमारे सव्वासातशे मिमी अंतराच्या, म्हणजे आखूड रायफलीसाठी बनवलेली दिसते. ती येथे नंतर कोणीतरी बसवली असावी. फरक मोठा नाही, पण ३० क्लिकच्या हिशेबात तो १० मिमीपर्यंत जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा दाखवणारे निशाण लटकून राहावे इतक्या शांत हवेत, मालकांनी नॉबला हात न लावता २० गोळ्या झाडल्या. ही अट त्यांना जड गेली. सहाव्या गोळीनंतर त्यांचा उजवा हात आपोआप साइटकडे गेला आणि मला हाक मारावी लागली. दोन्ही ग्रुपची आडवी रुंदी २४ आणि २५ मिमी निघाली, आणि सगळ्या गोळ्यांचा मध्य ९ मिमी डावीकडे होता. सांगायचे म्हणजे, नॉब न फिरवणारी रायफल नॉब फिरवणाऱ्या रायफलीपेक्षा बरीच घट्ट मारत होती.

मग जुना कागद पुन्हा काढला. मालक प्रत्येक गोळीनंतर समासात क्लिक लिहीत असत, त्यामुळे क्रम जुळवता आला. अकरावी गोळी ९ मिमी उजवीकडे पडली. त्यांनी तीन क्लिक डावीकडे दिले. त्याआधीचे फिरवणे उजवीकडचे होते, म्हणून त्यांतले दोन प्लेमध्ये गेले आणि साइट एकाच क्लिकने सरकली. बारावी ७ मिमी उजवीकडे. आणखी दोन क्लिक डावीकडे, आणि हे दोन्ही पुरेपूर लागू पडले. तेरावी ११ मिमी डावीकडे गेली. त्यांनी घाबरून तीन क्लिक उजवीकडे दिले; पुन्हा दोन वाया. चौदावी ९ मिमी डावीकडे. हा खेळ कागदाच्या शेवटपर्यंत चालला होता. त्यांची नैसर्गिक पसरण मध्यापासून दोन्हीकडे १२ मिमीपर्यंत होती, म्हणजे ९ मिमीवर पडलेली एकटी गोळी काहीच सांगत नव्हती. पण तिला उत्तर दिले जात होते, आणि ते उत्तरही उशिरा पोहोचत होते.

पुढच्या साइटची खूण

आता ३४ क्लिकचा प्रश्न उरला. नळीच्या तोंडाजवळील भाग रॉकेल लावलेल्या कापसाने पुसला आणि विजेरी अगदी आडवी धरून पाहिले. ठोकळ्यावर छिन्नीने मारलेली एक बारीक उभी रेष होती, आणि तिची जोडीदार रेष साइटच्या बैठकीवर होती. ब्लूइंगखाली दोन्ही इतक्या दबल्या होत्या की सरळ उजेडात त्या दिसतच नव्हत्या. दोन रेषांमध्ये व्हर्नियरने १.५ मिमी अंतर भरले, आणि बैठकीवरची रेष उजवीकडे होती.

काय घडले असावे ते येथे स्पष्ट झाले. ब्लूइंगसाठी साइट काढली, आणि परत बसवताना कारागिराने बैठक ठोकळ्याच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर ठेवली. दिसायला ती अगदी मधोमध, सुबक होती. पण रायफल पहिल्यांदा तयार झाली तेव्हा साइट गोळ्या झाडून बसवलेली होती आणि तेव्हाची बरोबर जागा ठोकळ्याच्या मध्यापासून डावीकडे होती. म्हणून तर रेष मारलेली होती. कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण रेष मलाही पहिल्या दिवशी दिसली नव्हती.

हिशेब जुळतो का ते पाहिले. पुढची साइट १.५ मिमी उजवीकडे, ८१२ मिमी अंतरावर: ५० मीटरवर गोळी सुमारे ९२ मिमी डावीकडे जायला हवी, म्हणजे २८ क्लिक. आज मध्यावर येण्यासाठी ३४ आणि उरलेल्या ९ मिमीचे आणखी तीन, असे एकूण ३७ क्लिक हवे होते. त्यातून २८ गेले तर ९ उरतात. वहीत ४ आहेत. म्हणजे रेषेने बहुतेक गोष्ट उलगडली, सगळी नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता, आणि तो वाटतो तितका वेडगळ नव्हता. रायफल चालत होती. मालकांची खरी अडचण प्ले आणि सवय ही होती, आणि त्या दोन्हींना हातोडी लागत नाही. अडचण एकच: उजवीकडे केवळ ६ क्लिक, म्हणजे २० मिमी शिल्लक होते आणि त्यांतलेही तीन झीरो करण्यातच, म्हणजे मध्य जुळवण्यातच, जाणार होते. सेकंदाला साडेचार मीटर वेगाचा वारा बरोबर उजव्या हाताने आला, तर या जातीच्या काडतुसाची गोळी ५० मीटरवर अडीच-तीन सेंटिमीटर डावीकडे वाहते. त्या दिवशी नॉब शेवटाला टेकला असता आणि मालकांना लक्ष्याच्या बाजूला नेम धरावा लागला असता.

दुसरा पर्याय मागच्या साइटची बैठक पातळ पत्र्याची पट्टी घालून सरकवण्याचा होता. तो मी नाकारला, कारण चूक पुढे होती आणि दुरुस्ती मागे केली तर डोळा नळीच्या रेषेपासून बाजूलाच राहतो. पीप जवळजवळ दोन मिमी उजवीकडे गेल्याने गाल स्टॉकवर पुरता टेकत नाही, असे मालक आधीच सांगत होते. तिसरा पर्याय नवी साइट बसवण्याचा. नवी साइट प्लेचा प्रश्न सोडवते, पण त्यासाठी रायफलीत नवी भोके पाडावी लागली असती, आणि जुन्या रायफलीत पाडलेले भोक परत बुजत नाही. चौथा पर्याय एका जुन्या जाणकाराने सुचवला: नळी किंचित वाकवायची. असे काम कसलेले कारागीर करत आले आहेत हे खरे. पण दीड मिमी सरकलेल्या साइटसाठी नळी वाकवणे म्हणजे चष्म्याची दांडी वाकडी म्हणून नाक सरळ करणे झाले.

उरला पुढची साइट रेषेवर परत आणण्याचा पर्याय. तो उलट फिरवता येण्याजोगा होता, त्याच्या मागे वहीचा आणि खुणेचा पुरावा होता, आणि त्याचा परिणाम आधी आकड्यात सांगता येत होता. म्हणून तो निवडला. सोबत असेही ठरले की प्लेला आता यांत्रिक इलाज करायचा नाही. नॉब वापरण्याची रीत बदलायची.

कृती

ग्रब स्क्रू सैल केला. तो मुळातच अर्धवट आवळलेला निघाला, म्हणजे बैठक खाचेत जुन्या, घट्ट झालेल्या तेलाच्या जोरावर टिकून होती. खाच एका बाजूला निमुळती आहे का ते मापून पाहिले, कारण काही जुन्या खाचा तशा असतात आणि चुकीच्या बाजूने ठोकल्यास बैठक रुतते. ही सरळ होती. खाचेत पातळ तेल सोडून रात्रभर ठेवले.

सकाळी पितळी पंच आणि छोटी हातोडी घेतली, दिशेचा नियम दोघांनी मोठ्याने म्हटला ("गोळी उजवीकडे हवी, म्हणून पुढची डावीकडे"), आणि मी उजव्या बाजूने टोले द्यायला सुरुवात केली. पहिल्या चार टोल्यांना काहीच हलले नाही. पाचवा मी किंचित जोराने दिला, तेलाचा जुना राप एकदम सुटला, आणि बैठक रेष ओलांडून सुमारे ०.४ मिमी पलीकडे गेली. ही माझी पहिली चूक. टोल्याचा जोर वाढवण्याऐवजी तेलाला आणखी एक दिवस द्यायला हवा होता, किंवा खाचेत बसणारा स्क्रूचा ढकलक वापरायला हवा होता, ज्यात बैठक दाबाने सरकते आणि उडी मारत नाही. परत आणताना डाव्या बाजूने टोले द्यावे लागले. त्या बाजूला कागदी पट्टी चिकटवलेली नव्हती, आणि नव्या ब्लूइंगवर भाताच्या शिताएवढा ओरखडा उमटला. मालक काही बोलले नाहीत. मी तो ओरखडा अजून पाहतो.

दोन्ही रेषा भिंगाखाली जुळल्यावर ग्रब स्क्रू आवळला. साइट आता ठोकळ्यावर उघडपणे एका बाजूला दिसत होती. मागची साइट हिशेबाप्रमाणे ३४ वरून ९ वर, म्हणजे २५ क्लिकने डावीकडे आणायची होती. येथे नवी रीत पहिल्यांदा वापरली: शेवटचे फिरवणे नेहमी उजवीकडेच असावे. म्हणून आधी ३० क्लिक डावीकडे, मग ५ उजवीकडे; असे केल्याने स्क्रूचे आटे प्रत्येक वेळी एकाच बाजूने दाबलेले राहतात आणि प्ले असूनही नसल्यासारखा होतो. नॉबवरचा आकडा त्या बाजूने येतानाच वाचायचा, हेही ठरले. अशा रीतीने तो उजवीकडे ९ पाशी आणला, आणि शांत हवेत २० गोळ्या झाडल्या. मध्य ३ मिमी डावीकडे आला. एक क्लिक उजवीकडे देऊन विंडेज १० वर ठेवले.

याच टप्प्यावर दुसरा वाद झाला. मालकांचे म्हणणे होते की एवढे केलेच आहे तर पुढची साइट आणखी अर्धा मिमी सरकवून मागची थेट शून्यावर आणावी. शून्य पाहायला बरे वाटते. मी विरोध केला. १० क्लिकने काही अडत नव्हते, उजवीकडे ३० आणि डावीकडे ५० क्लिक मोकळे झाले होते. आणि छिन्नीची रेष हा या रायफलीवरचा एकमेव असा संदर्भ होता जो आमच्या कोणाच्याही मतावर अवलंबून नव्हता. तो मोडून शून्य मिळवले, तर पुढच्या वेळी साइट काढल्यावर परत कोठे ठेवायची हे कोणाला कळणार नाही. मालकांनी ते मानले, पण नाखुशीने.

वहीतल्या ४ आणि आताच्या १० मधला फरक शोधताना रायफलीचा कल तपासायचे सुचले. लक्ष्यामागे ओळंबा लावला, मालकांच्या पाठीमागे तिवईवर कॅमेरा ठेवला आणि नेम धरलेल्या अवस्थेत फोटो घेतले. रायफल डावीकडे, डोक्याच्या बाजूला, सुमारे ४ अंश कललेली होती. या काडतुसाची गोळी ५० मीटरला पोहोचेपर्यंत नळीच्या रेषेपासून साधारण बारा-साडेबारा सेंटिमीटर खाली येते. तेवढी उंची साइटने आधीच दिलेली असते, आणि रायफल कलली की त्या उंचीचा एक भाग आडवा होतो. ४ अंशांना हा भाग ८ ते ९ मिमी भरतो, आणि तो कललेल्या बाजूला, म्हणजे डावीकडे. सुमारे तीन क्लिक येथे सापडले.

ही तपासणी मी साइट सरकवण्याच्या आधी केली नाही, ही माझी दुसरी चूक. पीप आता सव्वा मिमीने डावीकडे आले होते, गाल स्टॉकवर वेगळा टेकत होता, आणि त्यामुळे कल आधीही ४ अंशच होता की नंतर बदलला हे सांगण्याचा मार्ग उरला नाही. ओळंबा आणि कॅमेरा दोन्ही पहिल्या दिवशीही उपलब्ध होते.

कल काढून टाकावा का, हाही एक निर्णय होता. आम्ही तो ठेवला. पडून नेमबाजी करणारे अनेक जण जाणूनबुजून रायफल कलती धरतात, कारण त्यामुळे मान सरळ राहते. कल दर वेळी सारखा असेल तर झीरोमध्ये तो आपोआप मुरतो. धोका तो कमी-जास्त होण्यात असतो, आणि बोगद्यातली साधी गोल कडी कितीही कलली तरी गोलच दिसते. म्हणून दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या असलेली कडी बसवली. पट्ट्यांचा तिरकेपणा डोळ्याला लगेच जाणवतो.

परिणाम

पुढच्या सहा सरावांचे कागद माझ्याकडे आले. दहा गोळ्यांच्या ग्रुपची आडवी रुंदी साधारण २२ मिमी राहिली, आणि एका सरावात विंडेज बदलण्याच्या वेळा १७ वरून ३ ते ५ वर आल्या. बहुतेक बदल वाऱ्यासाठी होते. नियम असा ठरला होता की किमान पाच गोळ्यांचा मध्य दोन क्लिकपेक्षा जास्त बाजूला गेल्याशिवाय, किंवा वाऱ्याच्या निशाणाने दिशा बदलल्याशिवाय नॉबला हात लावायचा नाही. मालकांची तक्रार गेली.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. नॉब न फिरवता, साइट जुन्याच चुकीच्या जागी असताना झाडलेल्या २० गोळ्यांची रुंदी २४-२५ मिमी होती. सगळी दुरुस्ती झाल्यावर ती २२ मिमी आहे. एवढ्या गोळ्यांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणजे ज्या तक्रारीसाठी मालक आले होते ती पुढची साइट सरकवण्याने नव्हे, तर नॉबवरचा हात थांबल्याने आणि प्ले ओळखल्याने सुटली. हातोडीने त्यांना फिरण्याची मोकळी जागा आणि गाल नीट टेकण्याचे सुख दिले, आणि ते मोलाचे होते. पण ते दुसरेच काम होते. मालक आजही इतरांना सांगताना "साइट सरकवली आणि रायफल सुधारली" असेच सांगतात, आणि मला दर वेळी मध्ये बोलावे लागते.

वेगळे काय करता आले असते

ब्लूइंगला देण्याआधी पुढच्या साइटचा एक जवळून फोटो आणि विंडेजचा आकडा टिपून ठेवला असता, तर हे प्रकरण घडलेच नसते; नळी परत आल्यावर २८ क्लिकचा खड्डा पडताच कारण दिसले असते. त्याच वेळी काडतुसेही बदलल्यामुळे दोन बदल एकमेकांत मिसळले. जुन्या रायफलीवर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी इतरांना सांगत असतो आणि कलाच्या बाबतीत मी स्वतःच ते पाळले नाही.

प्लेचा प्रश्न आम्ही रीतीने झाकला आहे, बुजवलेला नाही. साइट उघडून नव्या मापाची स्प्रिंग बसवता आली असती. मात्र साइटचे बारीक स्क्रू जुने आणि खोबणी झिजलेल्या आहेत, आणि एक स्क्रू मोडला तर संपूर्ण साइट निकामी होईल, हा धोका त्या वेळी घ्यावासा वाटला नाही. प्ले दोन क्लिकवरून तीनवर गेला तर हा निर्णय पुन्हा काढावा लागेल. त्यासाठी दर सहा महिन्यांनी डायल गेज लावून मोजायचे ठरले आहे, आणि आतापर्यंतच्या दोन मोजण्यांत आकडा हललेला नाही.

पुढची साइट आणखी सरकवून शून्य मिळवण्याचा मालकांचा आग्रह मी मोडला, त्याविषयी मी अजूनही ठाम आहे. ढकलक न वापरता हातोडी घेतल्याविषयी मात्र माझ्याकडे कोणतीही सबब नाही.

हिशेबातले तीन क्लिक अजून सापडलेले नाहीत. ती काडतुसे असतील, मालकांच्या गालाची ठेवण असेल, किंवा गुरू स्वतः रायफल दुसऱ्या बाजूला कलती धरत असतील. वहीत त्याविषयी काही नाही. गुरूंच्या शेवटच्या नोंदीखाली, "उजवीकडे ४" या आकड्याच्या बरोबर खाली, मालकांनी आता लिहिले आहे: "उजवीकडे १०. शेवटची फेरी उजवीकडे. रेष जुळलेली. कल ४ अंश डावा."